आंतरराष्ट्रीय बँकिंग कायद्याचा अभ्यासक व्हायचंय? पुण्यात राहून सुरुवात अशी करा

लॉ झालं की शिवाजीनगर कोर्टात एखाद्या सीनिअरच्या हाताखाली बसायचं, नाहीतर कॉर्पोरेट फर्म गाठायची, अशा दोनच वाटा आपल्याकडे मुलांना दाखवल्या जातात. तिसरीही एक वाट आहे. पैसा एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा त्याला कुठला कायदा लागतो, बँक बुडाली तर आधी कुणाचे पैसे परत मिळतात, परदेशातल्या सरकारचा आदेश आपल्या बँकेला किती बांधतो, या प्रश्नांचा अभ्यास करणं, ते शिकवणं आणि त्यावर लिहिणं हे पूर्णवेळ काम आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र प्राध्यापक असतात आणि मध्यवर्ती बँकांचे कायदा विभाग त्यांचं लिखाण वाचतात.

लॉच्या सुरुवातीच्या वर्षांत असलेल्या मुलामुलींसाठी मी हे लिहिते आहे. तसंच बँकेत चार-सहा वर्षं काढून आता अभ्यासाकडे वळावंसं वाटणाऱ्यांसाठीही. या दुसऱ्या गटाला मी जरा जास्तच आग्रह करेन, कारण ट्रेड फायनान्सच्या, म्हणजे आयात-निर्यातीच्या बँकव्यवहारांच्या टेबलावर बसलेल्या माणसाला जे दिसलेलं असतं ते पुस्तकातून शिकायला फार वेळ लागतो.

मराठी माणसाला हे क्षेत्र परकं वाटायचं कारण नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवली, ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले आणि पुढे भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. कायदा आणि चलन या दोन्हींवर हुकमत असलेला अभ्यासक कसा दिसतो, ते पाहायला लांब जावं लागत नाही. चिंतामणराव देशमुख १९४४ साली ब्रेटन वूड्सच्या परिषदेला भारताच्या शिष्टमंडळातून गेले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथेच ठरल्या.

आधी विषय कसा आहे ते नीट बघा

‘आंतरराष्ट्रीय बँकिंग कायदा’ असा एखादा कायदा शोधायला गेलात तर सापडणार नाही. नवीन मुलं इथेच अडखळतात. या विषयातला प्रत्येक नियम समोर आला की दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हा नियम केला कुणी, आणि तो मोडला तर कुठल्या कोर्टात दाद मागता येते? माझ्या मते हे दोन प्रश्न म्हणजेच या विषयाचा गाभा आहे.

बासेलचंच घ्या, म्हणजे बँकांनी किती भांडवल राखावं याचे स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात ठरणारे निकष. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतल्या कोलोनची हर्स्टॅट बँक नियामकांनी बंद केली. जर्मनीत बँकांचं त्या दिवसाचं कामकाज संपलं होतं, न्यूयॉर्कमध्ये मात्र ते अजून चालू होतं. ज्या बँकांनी फ्रँकफुर्टमध्ये जर्मन मार्क भरले होते, त्यांना न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर मिळालेच नाहीत. त्या धक्क्यानंतर, १९७४ च्या अखेरीस, दहा देशांच्या गटातल्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी एक समिती नेमली. तीच बासेल समिती. भारत तिचा सदस्य झाला २००९ मध्ये. या समितीला कायदा करण्याचा अधिकार नाही. तिचे दस्तऐवज म्हणजे करार किंवा तह नव्हेत, आणि बासेलचा अमुक परिच्छेद मोडला म्हणून कुठल्याही कोर्टात दावा लावता येत नाही. तरीही भारतातल्या प्रत्येक मोठ्या बँकेला भांडवलाचं प्रमाण (जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या आणि गुंतवणुकीच्या तुलनेत भांडवल किती ते) सांभाळावंच लागतं, कारण बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट, १९४९ खालच्या अधिकारात रिझर्व्ह बँक ते बंधनकारक करते. बासेलचा किमान आकडा ८ टक्के आहे, आपल्याकडे ९ टक्के. नियम स्वित्झर्लंडमध्ये लिहिला गेला, त्याला धार मिळाली मुंबईत, आणि धार देताना आकडाही बदलला.

बाकीचे नियमही असेच वेगवेगळ्या घरांतून आलेले असतात. लेटर ऑफ क्रेडिट किंवा एलसी म्हणजे ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी; तिचे यूसीपी ६०० हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे व्यापाऱ्यांच्याच संस्थेने केले. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत आणि करारात लिहिले तरच लागतात. डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे व्याजदर किंवा चलनाच्या भावावर बेतलेल्या सौद्यांचा व्यवहार इस्डा या त्या बाजारातल्या संस्थेच्या छापील करारावर चालतो. नाणेनिधीच्या कराराचं आठवं कलम हा मात्र खरोखरचा आंतरराष्ट्रीय तह आहे आणि भारताने त्याची बंधनं ऑगस्ट १९९४ मध्ये स्वीकारली. फेमा (परकीय चलनाचा), सरफेसी (बँकांच्या कर्जवसुलीचा), दिवाळखोरी संहिता हे आपले देशातले कायदे. एकाच व्यवहारात हे सगळे एकत्र येतात. त्यांचा गुंता सोडवणारा माणूस म्हणजे या क्षेत्रातला अभ्यासक.

पदवीची वर्षं

प्रवेशाचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना ठाऊक असतं. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एमएच-सीईटी लॉ, सिंबायोसिसला त्यांची स्लॅट, राष्ट्रीय विधी विद्यापीठांना क्लॅट. आयएलएस १९२४ पासून आहे, सिंबायोसिस आणि भारती विद्यापीठ आहेत, आणखीही कॉलेजं आहेत. या विषयासाठी कॉलेजच्या नावापेक्षा तुम्ही काय वाचता यावर जास्त अवलंबून आहे, असं मी अनुभवाने म्हणते.

करार कायदा आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ हे दोन पक्के करा. परीक्षेपुरता १३८ कलमाचा चेक बाऊन्स वाचून भागणार नाही. धारक, यथाविधी धारक (होल्डर इन ड्यू कोर्स), पृष्ठांकन (एन्डॉर्समेंट) या कल्पना जगभरच्या बँकिंग निवाड्यांत पुन्हा पुन्हा भेटतात. दुसरी गोष्ट, खासगी आंतरराष्ट्रीय कायदा. बरेच विद्यार्थी तो ऐच्छिक म्हणून सोडून देतात. तुम्ही सोडू नका. कुठल्या देशाचं कोर्ट आणि कुठल्या देशाचा कायदा हे ठरवण्याचं शास्त्र तेच आहे, आणि वर सांगितलेला दुसरा प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नाही.

आणि ताळेबंद वाचायला शिका. लॉचे विद्यार्थी आकडे आले की पान उलटतात. बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय पुण्यातच आहे. तिचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि त्यात भांडवल पर्याप्ततेचा तक्ता शोधा. ‘टियर १’ (मुख्य भांडवल) मध्ये काय काय धरलंय, ‘टियर २’ (पूरक भांडवल) मध्ये काय, हे कुणाची मदत न घेता समजेपर्यंत त्या एका पानाशी झटत बसा. घरात किंवा ओळखीत कुणी सीए असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या.

एक एलसी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा

माझ्याकडे संशोधनासाठी येणाऱ्यांना मी पहिलं काम हेच देते. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड भागात परदेशी माल पाठवणारे शेकडो लहान-मोठे कारखानदार आहेत. नात्यात, शेजारात कुणीतरी निघतंच. व्यवहार पूर्ण झालेली, पैसे मिळून बंद झालेली एक एलसीची फाईल त्यांच्याकडून वाचायला मागा. ग्राहकाचं नाव आणि रक्कम झाकून दिली तरी चालेल. फाईल त्यांच्याच ऑफिसात बसून वाचा, फोटो काढू नका, आणि त्यातलं बाहेर कुठे बोलू नका. हा संयम या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून लागतो.

फाईलमध्ये वर असतो तो स्विफ्टचा, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्याचा एमटी ७०० मेसेज; एलसी उघडल्याचा संदेश तो हाच. दिसायला रुक्ष, सगळा आकड्यांच्या रकान्यांचा. रकाना ३१-डी मध्ये एलसीची मुदत कधी आणि कुठे संपते ते असतं. त्यातल्या ‘कुठे’कडे नीट लक्ष द्या. मुदत पुण्यात संपत असेल तर कागद पुण्याच्या बँकेत वेळेत दिले की झालं. ती परदेशातल्या बँकेच्या काउंटरवर संपत असेल तर कुरिअरचे दिवस कारखानदाराच्या डोक्यावर. ४०-ई मध्ये कुठले नियम लागू ते असतं, बहुधा यूसीपीची चालू आवृत्ती. म्हणजे पॅरिसमध्ये लिहिलेले नियम या एका ओळीमुळे भोसरीतल्या व्यवहारात आले. ४६-ए मध्ये लागणाऱ्या कागदांची यादी: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), विमा, मूळ देशाचा दाखला. ४७-ए मध्ये जादा अटी. हा रकाना सर्वांत सावकाश वाचा.

त्याच्याखाली बहुतेक वेळा बँकेचा डिस्क्रिपन्सीचा, म्हणजे कागदांतल्या तफावतींचा कागद लावलेला सापडेल. मालाच्या वर्णनात एक शब्द इनव्हॉइसमध्ये वेगळा पडला, बिल ऑफ लेडिंगवरची तारीख शेवटच्या शिपमेंट तारखेनंतरची निघाली, असल्या चुका. यूसीपीप्रमाणे बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात, आणि ती फक्त कागद बघते. पेटीत काय आहे हे बघणं तिचं काम नाही.

मग पेटीत केरकचरा भरला असेल तर? इथून पुढे कायद्याची गोष्ट सुरू होते. याचा जगभर शिकवला जाणारा खटला न्यूयॉर्कचा आहे, १९४१ सालचा, श्टाइन विरुद्ध श्रोडर बँक, आणि त्यातला विक्रेता होता लखनौचा. सौदा डुकराच्या राठ केसांचा होता, जे ब्रशसाठी वापरतात. खरेदीदाराचं म्हणणं असं की पन्नास पेट्यांत गाईचे केस आणि निरुपयोगी कचरा भरला होता आणि कागद मात्र करारातल्या मालाचे होते. न्यायालयाने सांगितलं की पैसे देण्याआधी विक्रेत्याची लबाडी बँकेच्या लक्षात आणून दिली असेल, तर कागद नियमाला धरून आहेत एवढ्या आधारावर त्या लबाडाला संरक्षण मिळू नये. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये यू. पी. को-ऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या बँक गॅरंटीच्या खटल्यात या निवाड्याचा आधार घेतला. लखनौच्या पेट्यांवरून न्यूयॉर्कमध्ये घडलेलं तत्त्व सेहेचाळीस वर्षांनी दिल्लीत पोचलं.

मूळ निवाडा काढून वाचा, तो लहान आहे. त्यात पाठ्यपुस्तकं बहुधा गाळतात अशी एक गोष्ट दिसेल. लबाडी तिथे सिद्ध झालेली नव्हती. दावाच फेटाळावा असा अर्ज पुढे आला होता, त्यामुळे खरेदीदाराचे आरोप न्यायालयाने त्या टप्प्यापुरते खरे धरले होते. मग प्रत्यक्षात पैसे अडवायला किती पुरावा लागतो? या प्रश्नावर इंग्लंड, अमेरिका, भारत इथली उत्तरं एकसारखी नाहीत. मूळ कागद वाचणाऱ्याला असा प्रश्न हाती लागतो. नुसता सारांश वाचणाऱ्याच्या तो नजरेलाही पडत नाही.

वाचायचं कुठे, लिहायचं कसं

पुण्याइतकी सोय थोड्या शहरांत आहे. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, डेक्कनला गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, कोंढव्यात, रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १९६९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली एनआयबीएम. बाहेरच्यांना प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. कॉलेजचं पत्र घेऊन गेलात तर दार लवकर उघडतं. रिझर्व्ह बँकेची मास्टर डायरेक्शन्स (एकेका विषयावरचे एकत्रित निर्देश), बासेल समितीचे दस्तऐवज, संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचे, म्हणजे अनसिट्रालचे नमुना कायदे, इंग्लंडचे निवाडे हे सगळं तर घरी बसून फुकट वाचता येतं.

पुण्यात कर्जवसुली न्यायाधिकरण आहे. ओळखीच्या वकिलांबरोबर महिन्यातून एक सकाळ तिथे जाऊन बसा. विषय देशी असला तरी गॅरंटी, गहाण, वसुलीची प्रमाणपत्रं यांची भाषा कानावर पडते.

दर आठवड्याला एक निवाडा आणि त्यावर एका पानाचं टिपण, एवढी शिस्त दोन वर्षं पाळा. टिपणात वस्तुस्थिती पाच ओळींत, वादाचा मुद्दा एका वाक्यात, न्यायालयाने काय ठरवलं ते, आणि शेवटी तुमचा स्वतःचा एक आक्षेप. आक्षेप लिहिल्याशिवाय टिपण पूर्ण धरू नका. सुरुवातीला फोली विरुद्ध हिल, १८४८ घ्या. खातेदार आणि बँक यांचं नातं धनको-ऋणकोचं आहे, हे तिथे ठरलं. नंतर लिबियन अरब फॉरेन बँक विरुद्ध बँकर्स ट्रस्ट. १९८६ मध्ये अमेरिकेने लिबियाची मालमत्ता गोठवली, पण लिबियाच्या बँकेचं डॉलर खातं अमेरिकी बँकेच्या लंडन शाखेत होतं. लंडनच्या खात्याला इंग्लिश कायदा लागतो, तेव्हा अमेरिकेचा आदेश काहीही असो, पैसे द्यावेच लागतील, असं इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवलं. तेरा कोटी डॉलरहून मोठी रक्कम होती. त्यानंतर इंटरनेट अँड मोबाईल असोसिएशन विरुद्ध रिझर्व्ह बँक, २०२०, आभासी चलनाचा. रिझर्व्ह बँकेचे अधिकार किती आणि ते वापरताना प्रमाणबद्धता (उपाय गरजेपेक्षा कडक नको हे तत्त्व) का लागते, हे त्यात सापडेल.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. ती या क्षेत्रात लागतेच, पण अलंकारिक इंग्रजी लागत नाही. चांगल्या न्यायमूर्तींची वाक्यं लहान आणि सरळ असतात. एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, निवाडा मिटायचा, तोच मुद्दा आपल्या शब्दांत लिहायचा. जिथे अडलं तिथे मराठीत लिहा आणि पुढे चला. विचार मराठीत स्पष्ट झाला की इंग्रजी वाक्य आपोआप सरळ होतं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

सरावाला पुण्याचंच एक प्रकरण देते. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि १३.९२ कोटी स्विफ्टमार्फत हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. कागद घ्या आणि उत्तरं लिहायला लागा: हाँगकाँगमधलं खातं गोठवायला अर्ज कुठे, कुठल्या कायद्याखाली? कार्ड नेटवर्कचा आणि बँकेचा करार नुकसान कुणावर टाकतो? परदेशात काढलेल्या पैशाचा पुरावा पुण्याच्या न्यायालयात कसा येतो? यातल्या प्रत्येक प्रश्नावर एकेक लेख होऊ शकेल.

एलएलएम इथे की बाहेर

बाहेर जायची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर जा, एवढं स्पष्ट सांगते. लंडनच्या क्वीन मेरीमधल्या सेंटर फॉर कमर्शियल लॉ स्टडीजमध्ये बँकिंग आणि फायनान्स लॉचा स्वतंत्र एलएलएम आहे, किंग्जमध्ये आंतरराष्ट्रीय वित्त कायद्याचा, फ्रँकफुर्टच्या गटे विद्यापीठात इन्स्टिट्यूट फॉर लॉ अँड फायनान्स आहे, बॉस्टन, सिंगापूर, हाँगकाँग आहेत. पण घर गहाण टाकून, फक्त पदवीसाठी जाऊ नका. अध्यापनाच्या पगारातून ते कर्ज फिटणं फार जड जातं, आणि मग माणूस नाइलाजाने अभ्यास सोडून फर्ममध्ये जातो. असं झालेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

शिष्यवृत्त्यांची तयारी दीड वर्ष आधी सुरू करा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. जे. एन. टाटा एंडाउमेंट कर्जरूपाने मदत करतं. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पैकी बार्टी आणि सारथीची कार्यालयं पुण्यातच आहेत. जाहिराती कधीही निघतात, त्यामुळे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांची फाईल तयार ठेवा.

इथेच एलएलएम केलात तरी काही बिघडत नाही. फक्त प्रबंधिकेचा विषय बँकिंगमधला घ्या आणि ती पीएच.डी.ची पहिली पायरी समजून लिहा. बाहेरून एक वर्षाची पदवी घेऊन इथे शिकवायचा विचार असेल तर समकक्षतेचं काय लागतं, ते जाण्याआधी विचारून घ्या.

पीएच.डी.चा प्रश्न

आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे: ‘अमुक कायद्याचा चिकित्सक अभ्यास – विशेष संदर्भ पुणे जिल्हा’. शंभर जणांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारीचे तक्ते काढायचे, शेवटी ‘जनजागृती व्हावी’ अशी शिफारस. या विषयात तो साचा पूर्णपणे निरुपयोगी आहे. अभ्यास चिकित्सक असणार हे गृहीतच आहे, आणि एलसीच्या कायद्याचं उत्तर प्रश्नावलीत सापडत नाही.

चांगला प्रश्न कसा दिसतो? ॲडिशनल टियर १ रोखे घ्या, बाजारात ज्यांना एटी-१ म्हणतात. बासेल तीनच्या, म्हणजे समितीच्या तिसऱ्या नियमसंचाच्या चौकटीत बँका हे रोखे काढतात. बँक डबघाईला आली की रोखेधारकांची रक्कम शून्य करता येते, अशी त्यात अट असते. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे असे रोखे शून्य केले गेले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. पुनर्रचनेची योजना लागू झाल्यावर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या प्रशासकाला तो अधिकार उरला नव्हता, असं कारण दिलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच २०२३ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडच्या नियामकाने क्रेडिट सुईसचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ रोखे शून्य केले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरवला. तिथेही वाद अपिलात गेला.

आता बघा. चौकट एकच, बासेलची. रोख्याची जात एकच. दोन देशांतली दोन न्यायालयं, आणि दोघांनी नियामकाच्या बाजूच्या अधिकारावरच बोट ठेवलं. मग विचारा: रोख्याच्या छापील अटी आणि नियामकाचा वैधानिक अधिकार यांत वरचढ कोण, आणि गुंतवणूकदाराने अट वाचून पैसे घातले असतील तर न्यायालयाने कुठवर हात घालावा? हा प्रश्न तीन वर्षांत पेलतो, त्याला दोन देशांचे निवाडे आहेत, रोख्याचे दस्तऐवज सार्वजनिक आहेत. मार्गदर्शकासमोर असा एका पानाचा प्रश्न घेऊन जा.

नियमांचं थोडक्यात सांगते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या परीक्षेतून मिळतो. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, त्यामुळे नेटला गंभीरपणे बसा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या हाताखालच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठा आणि एकच विचारा: पाठवलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत येतं?

लेख छापताना सावध राहा. पैसे भरले की आठ दिवसांत छापणारी जर्नल्स मेलवर मेल पाठवतात. यूजीसीची केअर यादीही (मान्य जर्नल्सची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा पारख आपल्यालाच करायची आहे. संपादक मंडळातली माणसं खरोखर या विषयात लिहितात का, जुन्या अंकांतले लेख कुणी उद्धृत केले आहेत का, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. नामांकित जर्नलकडून नकार आला आणि त्याबरोबर परीक्षकाची दोन पानी टिप्पणी आली, तर ती जपून ठेवा. तेवढं बारकाईने वाचणारा माणूस फुकट मिळत नाही.

पोटापाण्याचं

कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठच घेतं. अडचण जागांची आहे. अनुदानित भरती रखडते आणि चांगली शिकलेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात, सुट्टीच्या महिन्यांत हाती काही नसतं. मला याचा मनापासून राग येतो, आणि म्हणूनच नवीन मुलांना हे आधी सांगायला हवं. घरच्यांशी पहिल्या पाच वर्षांच्या पैशाचं बोलून मगच या वाटेला लागा.

सनद घेतलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, तशी नियमात तरतूद आहे. सकाळी कॉलेज आणि नंतर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे काम, असं अनेकांनी सांभाळलं आहे. रिझर्व्ह बँक कायदा अधिकारी घेते, सेबीत कायद्याची स्वतंत्र शाखा आहे. तिथे पाच-सात वर्षं काढून अध्यापनात आलेल्या माणसाचा वर्ग वेगळाच असतो. परदेशात खासगी कायद्याच्या एकसूत्रीकरणासाठीची रोमची युनिड्रॉइट आणि हँबर्गची माक्स प्लांक संस्था संशोधकांना काही काळासाठी बोलावतात, शिष्यवृत्तीही देतात. थिसिस अर्धा झाल्यावर तिथे अर्ज करावा. तेव्हा सांगण्यासारखं काही हातात असतं.

मार्गदर्शकाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ते दहा ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण, पुढच्या तीन ओळींत तुमचा प्रश्न, मग त्यांचा कुठला लेख वाचून हा प्रश्न पडला ते. सोबत एकच फाईल जोडा: आतापर्यंत लिहिलेल्या टिपणांतलं सगळ्यांत चांगलं एक पान. बायोडेटा मागितला तर पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तरी नाही आलं तर दुसऱ्या मार्गदर्शकाला लिहा.